थोड्यांचा आजार, सगळ्यांची वर्गणी

वस्तीत कुणाच्या घरी मोठा आजार आला की काय होते, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. रविवारी विहारात वंदना संपली की मंडळाचा कार्यकर्ता उभा राहतो, रुग्णाचे नाव सांगतो, रुग्णालय सांगतो आणि रुमाल पसरला जातो. कुणी दहा रुपये टाकते, कुणी शंभर. महिला मंडळाच्या भगिनी घरोघर फिरतात. बचत गट हातउसने देतो. संध्याकाळपर्यंत जमलेली रक्कम त्या घरी पोचते. बिलाच्या मानाने ती बहुतेक वेळा थोडीच असते. पण आपल्या मागे माणसे उभी आहेत, एवढे त्या घराला कळते.

ही वर्गणी उपचारासाठी असते. या वेळी आरोग्य पानावर आम्ही एका वेगळ्या वर्गणीविषयी लिहीत आहोत. ज्या कॅन्सरवर आज पुरेसे औषध नाही, त्याचे औषध शोधण्यासाठी रुग्णाच्या घरच्यांनीच जमवलेली वर्गणी. तिच्यातून आपले स्वतःचे माणूस वाचेल याची खात्री नसते. कित्येकदा ते वाचत नाही. तरीही काही कुटुंबांनी ती जमवली, आणि तिच्यातून दुसऱ्यांची मुले वाचली. हे कसे घडले, आणि त्यात आपल्यासारख्या घरांनी घेण्यासारखे काय आहे, ते पाहू.

दुर्मीळ कॅन्सर म्हणजे काय?

कॅन्सर हा एकच आजार नाही. शरीरातल्या ज्या पेशींपासून तो सुरू होतो, त्यानुसार त्याचे शेकडो प्रकार पडतात. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर आपल्या ओळखीचा आहे, कारण तो जवळपास प्रत्येक वस्तीत कुणाला तरी झालेला असतो. पण काही प्रकार फार थोड्यांना होतात. युरोपातील तज्ज्ञांनी यासाठी एक माप ठरवले आहे: एक लाख लोकांमागे वर्षाला सहापेक्षा कमी नवे रुग्ण आढळत असतील, तर तो कॅन्सर दुर्मीळ समजायचा. या मापाने लहान मुलांचे सगळेच कॅन्सर दुर्मीळ ठरतात.

एकेक प्रकार दुर्मीळ असला, तरी असे प्रकार खूप आहेत. ते सगळे एकत्र मोजले, तर युरोपात दर पाच नव्या कॅन्सर रुग्णांपैकी साधारण एक रुग्ण दुर्मीळ प्रकाराचा निघतो. म्हणजे एकेकटे थोडे, पण मिळून पुष्कळ. आपल्या चळवळीला हे गणित नवे नाही. विखुरलेल्या थोड्यांचे कुणी ऐकत नाही. एकत्र आले की ऐकावे लागते.

या आजारांवर संशोधन कमी का होते? कारणे सरळ आहेत. नवे औषध बाजारात आणायला कंपनीला प्रचंड खर्च येतो, आणि गिऱ्हाईक थोडे असेल तर तो खर्च वसूल होत नाही. डॉक्टरला अशा आजाराचे दोन-चार रुग्ण अख्ख्या आयुष्यात दिसतात, त्यामुळे निदानच उशिरा होते. औषधाची चाचणी घ्यायची तर पुरेसे रुग्ण एका ठिकाणी मिळत नाहीत. आणि संशोधकाला अभ्यासासाठी गाठीचे तुकडे लागतात, ते वेगवेगळ्या रुग्णालयांत विखुरलेले असतात किंवा कधीच टाकून दिलेले असतात.

ही कोंडी अनेक ठिकाणी घरच्यांनी फोडली. एक उदाहरण अमेरिकेतल्या एका चार वर्षांच्या मुलीचे आहे.

अलेक्सचे सरबताचे टेबल

अलेक्झांड्रा स्कॉट, घरची अलेक्स, हिचा जन्म 1996 मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात झाला. पहिला वाढदिवस तोंडावर आला असताना तिला न्यूरोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर असल्याचे कळले. हा लहान मुलांचा कॅन्सर आहे. मज्जातंतूंच्या कोवळ्या पेशींपासून तो सुरू होतो, आणि बहुतेक वेळा मूत्रपिंडावर बसलेल्या छोट्या ग्रंथीत पहिली गाठ धरतो. अमेरिकेसारख्या मोठ्या देशातही वर्षाला साधारण 700 ते 800 मुलांनाच तो होतो.

अलेक्सचे लहानपण रुग्णालयात गेले. शस्त्रक्रिया, केमो आणि चार वर्षांची झाली त्या सुमारास मूलपेशींचे प्रत्यारोपण. त्याच काळात तिने आईला सांगितले, की घरी गेल्यावर मला सरबत विकायचे आहे. अमेरिकेत उन्हाळ्यात लहान मुले घरासमोर टेबल मांडून लिंबू सरबत विकतात आणि खाऊचे पैसे मिळवतात. अलेक्सला मात्र ते पैसे स्वतःला नको होते. डॉक्टरांनी आपल्याला मदत केली तशी त्यांना इतर मुलांनाही करता यावी, म्हणून ते डॉक्टरांना द्यायचे होते.

सन 2000 मध्ये मोठ्या भावाच्या मदतीने तिने टेबल मांडले. शेजारीपाजारी आले, ओळखीचे आले. पहिल्याच वेळी दोन हजार डॉलरहून जास्त रक्कम जमली. त्या वेळच्या दराने हे नव्वद हजार रुपयांच्या आसपास होतात. पुढे उपचारासाठी कुटुंब फिलाडेल्फिया शहराच्या परिसरात राहायला गेले, पण सरबताचे टेबल दरवर्षी लागत राहिले. बातमी पसरली तशी दुसऱ्या गावांतली मुलेही आपापल्या दारात टेबल मांडून पैसे पाठवू लागली. 2004 च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या 50 ही राज्यांत अशी टेबले लागली.

1 ऑगस्ट 2004 रोजी अलेक्स गेली. ती आठ वर्षांची होती. तोवर तिच्या नावाने दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली होती.

ही गोष्ट इथेच संपली असती, तर ती एक हळवी बातमी ठरली असती. पण लिझ आणि जे स्कॉट या तिच्या आईवडिलांनी 2005 मध्ये तिच्या नावाची रीतसर संस्था काढली, ‘अलेक्सेस लेमोनेड स्टँड फाउंडेशन’. आपली मुलगी परत येणार नाही हे त्यांना माहीत होते. तरीही ते हे काम करत राहिले. या संस्थेने आजवर जमवलेली रक्कम 25 कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे.

किसा गौतमीची कथा आपण विहारात अनेकदा ऐकली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरली. बुद्धांनी तिला ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितले. त्यांनी तिला चमत्काराची खोटी आशा दाखवली नाही. दारोदार फिरताना तिला समजले, की हे दुःख आपल्या एकटीचे नाही. मूल गमावलेले जे आईबाप दुसऱ्यांच्या मुलांसाठी झोळी घेऊन दारोदार जातात, त्यांनाही हेच उमगलेले असते, असे आम्हाला वाटते.

जमलेला पैसा पुढे कुठे गेला?

वर्गणी देणाऱ्याला पडणारा हा प्रश्न रास्त आहे. आमचे पैसे गेले, पुढे काय झाले?

संशोधनासाठी जमलेला पैसा थेट औषधात बदलत नाही. संस्था संशोधकांकडून अर्ज मागवते. दुसरे जाणकार ते अर्ज तपासतात आणि त्यातले चांगले निवडतात. निवडलेल्या संशोधकाला काही वर्षांचे अनुदान मिळते. त्यातून प्रयोगशाळेतल्या सहायकांचे पगार, रसायने, यंत्रांचा वापर भागतो. सरकारी अनुदान मिळवायला संशोधकाला आधी थोडे तरी निष्कर्ष हातात दाखवावे लागतात. ते पहिले निष्कर्ष काढायलाच पैसा नसतो. कुटुंबांनी जमवलेली रक्कम नेमकी या पहिल्या पायरीवर उपयोगी पडते.

फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातील डॉ. येल मोसे आणि डॉ. जॉन मॅरिस हे न्यूरोब्लास्टोमाचा अभ्यास करत होते. त्यांच्या कामाला अलेक्सच्या संस्थेचाही पैसा मिळाला होता. काही मोजक्या घरांत हा कॅन्सर पिढ्यान् पिढ्या दिसतो. अशा घरांच्या अभ्यासातून त्यांना 2008 मध्ये एएलके नावाच्या जनुकातला दोष सापडला. जनुक म्हणजे पेशीने कसे वागायचे याची लिहून ठेवलेली सूचना. त्या सूचनेत चूक झाली, की पेशी थांबायचे विसरते आणि वाढतच राहते. हाच दोष, घराण्यात आजार नसलेल्या काही मुलांच्या गाठींतही आढळला.

त्याच सुमारास मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही एएलकेचा दोष सापडला होता आणि त्यावर क्रिझोटिनिब नावाचे औषध तयार होत होते. मग प्रश्न आला, की हेच औषध मुलांना का देऊन पाहू नये? चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूरोब्लास्टोमाच्या, एएलकेचा दोष असलेल्या 11 मुलांपैकी एकालाच त्याचा ठळक उपयोग झाला. पण लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, एका दुर्मीळ प्रकारात 9 पैकी 8 मुलांची गाठ आटली किंवा नाहीशी झाली. पुढे जानेवारी 2021 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या लिम्फोमाच्या उलटलेल्या आजारात, मुलांसाठी क्रिझोटिनिबला मान्यता दिली. न्यूरोब्लास्टोमासाठी संशोधक थांबले नाहीत. त्याच जातीच्या पुढच्या औषधाचा या मुलांवर अधिक चांगला परिणाम झाल्याची नोंद 2023 मध्ये झाली.

यातून दोन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली, संशोधनाला वेळ लागतो. सरबताच्या टेबलापासून त्या मान्यतेपर्यंत एकवीस वर्षे गेली. दुसरी, एका आजारासाठी निघालेला शोध दुसऱ्याच आजाराच्या मुलांना आधी उपयोगी पडू शकतो. म्हणून ‘आमच्या पैशातून अमुक वर्षात अमुक आजार बरा होईल’ असे जो ठामपणे सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

पैशाशिवाय जमवायच्या गोष्टी

दुसरे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. कॉर्डोमा हा कवटीच्या तळाशी आणि मणक्यात होणारा हाडाचा कॅन्सर आहे. तो दहा लाखांत वर्षाला एखाद्यालाच होतो. जॉश सॉमर या अमेरिकन विद्यार्थ्याला 2006 मध्ये महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात तो झाला. शस्त्रक्रियेनंतर त्याने आपल्या आजाराविषयी वाचायला घेतले, तेव्हा लक्षात आले की त्यावर काम करणारे संशोधक जेमतेम आहेत. त्यातले एक त्याच्याच विद्यापीठात होते. तो त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन काम करू लागला. 2007 मध्ये त्याने आणि डॉक्टर असलेल्या त्याच्या आईने ‘कॉर्डोमा फाउंडेशन’ स्थापन केले.

त्यांच्या लक्षात आले, की नुसता पैसा देऊन भागणार नाही. औषध तपासायला प्रयोगशाळेत वाढवता येतील अशा कॉर्डोमाच्या पेशीच जवळपास उपलब्ध नव्हत्या. म्हणून संस्थेने जाहीर केले, की अशा पेशी जो तयार करून देईल आणि इतर संशोधकांना वापरायला देईल, त्याला दहा हजार डॉलरचे बक्षीस. रुग्णांना शस्त्रक्रियेआधीच गाठीचा तुकडा संशोधनाला देण्याची सोय करून दिली. वेगवेगळ्या देशांतले संशोधक एका खोलीत बसवले. रक्कम फार मोठी नव्हती, पण नेमकी कुठे अडले आहे हे ओळखून ती खर्च केली गेली.

आणखी काही कुटुंबे कायद्यासाठी भांडली. मोठ्यांच्या कॅन्सरवर औषध काढणाऱ्या कंपन्या मुलांवर त्याची तपासणी करायचे टाळत असत. मुले गमावलेल्या आईबापांच्या संघटनांनी पाठपुरावा केला आणि 2017 मध्ये अमेरिकेत कायदा झाला: मोठ्यांच्या औषधाचे लक्ष्य मुलांच्या कॅन्सरमध्येही महत्त्वाचे असेल, तर मुलांसाठी त्याचा अभ्यास करावा लागेल. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपल्याला घराघरांत सांगितले जाते. या आईबापांनी त्यांच्या परीने हीच वाट धरलेली दिसते.

आपल्या परळची गोष्ट

हे सगळे परदेशातले झाले. पण घरातल्या मरणातून संशोधनाला पैसा उभा राहिल्याची एक जुनी गोष्ट मुंबईतही आहे. मेहेरबाई टाटा यांचा 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरने, म्हणजे ल्युकेमियाने, मृत्यू झाला. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी 1932 मध्ये त्यांच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास काढला. दोराबजी त्याच वर्षी वारले. त्यांच्या नावाच्या न्यासाने परळला कॅन्सरचे रुग्णालय उभारले, ते 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. आज आपली माणसे विदर्भातून, मराठवाड्यातून ‘टाटाला’ जातात ते हेच टाटा मेमोरियल. 1962 पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. खारघरला त्याचे संशोधन केंद्रही आहे.

टाटांसारखी संपत्ती आपल्याकडे नाही. अलेक्सकडेही नव्हती. टाटांच्या गोष्टीतून आम्हाला दुसरा मुद्दा सांगायचा आहे. न्यासाने सुरू केलेले रुग्णालय पुढे सरकारने चालवायला घेतले, म्हणून ते गरिबाच्या आवाक्यात राहिले. संविधानाच्या कलम 47 नुसार लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे. वर्गणी त्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही. आपण वर्गणीही काढावी आणि सरकारकडे हक्काने मागावेही.

इथे झालेल्या संशोधनाने काय फरक पडतो, त्याचे अलीकडचे उदाहरण आहे. रक्ताच्या काही कॅन्सरवर रुग्णाच्याच पेशी बदलून परत देण्याचा कार-टी नावाचा उपचार अमेरिकेत काही कोटी रुपयांना पडतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून निघालेल्या अशाच उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्याची किंमत परदेशाच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आली. आपल्या वस्तीतल्या घराला तीही परवडणारी नाही, हे खरे. पण संशोधन आपल्या भूमीवर झाले तरच किंमत खाली येण्याचा रस्ता उघडतो.

आपण काय करू शकतो?

उपचाराची वर्गणी आणि संशोधनाची वर्गणी वेगळी ठेवा. रुग्ण समोर असेल तेव्हा आधी उपचार. त्यातही पहिली धाव वर्गणीकडे न घेता योजनेकडे घ्या. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ठरावीक उपचार येतात आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथे समाजसेवा अधीक्षकांना विचारा. यातून जे भागत नाही, त्यासाठी वर्गणी काढा. शक्य असेल तर ती रुग्णाच्या फाइल क्रमांकावर थेट रुग्णालयात भरा आणि पावती घ्या.

संशोधनाला काही द्यावेसे वाटले, तर ते नोंदणीकृत संस्थेच्या किंवा संशोधन करणाऱ्या रुग्णालयाच्या खात्यातच द्या. मोबाइलवर फिरणारा कुणाचा तरी वैयक्तिक क्यूआर कोड स्कॅन करू नका. देण्याआधी चार प्रश्न विचारा. संस्था नोंदलेली आहे का? हिशेब दरवर्षी तपासला जातो का? पैसा कुणाला द्यायचा हे कोण ठरवते? गेल्या वर्षी तो कुठे गेला? जी संस्था या प्रश्नांवर चिडते, तिला पैसे देऊ नका.

आपल्या मंडळालाही हेच लागू आहे. बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यायला सांगितला, आणि गरिबातल्या गरीब माणसाने आपल्या परीने दिला. तो विश्वास जपायचा तर जमाखर्च विहाराच्या फलकावर लागला पाहिजे. तीन माणसांची समिती असावी, त्यात किमान एक भगिनी असावी, आणि रुग्णाच्या घरचे कुणी पैसे हाताळणाऱ्यांत नसावे. उरलेल्या रकमेचे काय करायचे, हे वर्गणी काढण्याआधीच ठरवावे आणि सांगावे.

आजारी मुलाचा फोटो सगळीकडे फिरवण्याआधी त्याच्या आईबापांना विचारा, आणि मूल जाणते असेल तर त्यालाही विचारा. ते मूल उद्या बरे होऊन शाळेत जाणार आहे. नाव आणि फोटो न देताही मदत मागता येते.

कागद जपून ठेवा. बायोप्सीचा अहवाल, स्लाइड आणि गाठीचा मेणात जपलेला तुकडा, ज्याला रुग्णालयात ‘ब्लॉक’ म्हणतात, यांची नोंद फाइलमध्ये असू द्या. दुसऱ्या रुग्णालयात जाताना हे मागून न्या. दुर्मीळ आजारात निदान पुन्हा तपासून घ्यायला हाच पुरावा कामी येतो.

आणि रक्त द्या. केमो घेणाऱ्या मुलाला रक्त आणि प्लेटलेट वारंवार लागतात. 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला आपल्याकडे रक्तदान शिबिरे होतातच. अशा वेळी आपली नावे आणि रक्तगट यांची यादी मंडळात करून ठेवली, तर वर्षभर कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

‘आमच्यावर प्रयोग करतील’ ही भीती

संशोधन म्हटले की वस्तीत ही शंका निघते. ती चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. गरिबांना अंधारात ठेवून चाचण्या झाल्याच्या तक्रारी आपल्या देशात झाल्या आहेत. म्हणूनच आपले हक्क माहीत असले पाहिजेत.

औषधाच्या चाचण्यांसाठी 2019 चे केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यांनुसार चाचणीत सहभागी करण्याआधी सगळी माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते आणि लेखी संमती घ्यावी लागते. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. संमतीपत्राची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. तुम्ही कधीही बाहेर पडू शकता, आणि बाहेर पडलात म्हणून नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते. सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते. प्रत्येक चाचणी नीतिसमितीने मंजूर केलेली असते. तिचा नंबर संमतीपत्रावर पाहा.

चाचणीत भाग घेणे आणि गाठीचा तुकडा संशोधनाला देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपचारासाठी काढलेल्या गाठीतला उरलेला भाग संशोधनाला द्यायचा का, असे विचारले, तर त्यात रुग्णाला वेगळा त्रास नसतो. तरीही विचारून, समजून, मगच सही करा. हो म्हणायचा जसा हक्क आहे, तसा नाही म्हणायचाही आहे. पण केवळ भीतीपोटी सगळेच नाही म्हणाले, तर आपल्या घरांतले आजार संशोधकांच्या नोंदीत येणारच नाहीत, हाही विचार करा.

ही लक्षणे दिसली तर

लहान मुलांचा कॅन्सर दुर्मीळ आहे. खालील लक्षणे बहुतेक वेळा साध्या कारणांनी होतात. पण ती दोन आठवड्यांत गेली नाहीत किंवा वाढत गेली, तर मुलाला बालरोगतज्ज्ञाला दाखवा:

• पोटात टणक गाठ लागणे किंवा पोट फुगत जाणे (गाठ हाताला लागली तर दोन आठवडे थांबू नका)
• हाडे दुखणे, मूल लंगडणे, चालायचे टाळणे
• मार न लागता डोळ्यांभोवती काळेनिळे होणे
• फिकटपणा, वारंवार ताप, वजन घटणे
• अंगावर लाल-निळे ठिपके, हिरड्यांतून रक्त
• डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक (हे दिसले तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जा)
• सकाळची उलटी आणि डोकेदुखी, तोल जाणे

अंगारा, गंडादोरा, ‘बाहेरची बाधा’ यांत महिने घालवू नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात त्यांना जागा नाही, आणि या आजारात गेलेला महिना परत मिळत नाही. अमेरिकेत आज न्यूरोब्लास्टोमाच्या कमी जोखमीच्या प्रकारात बहुसंख्य मुले वाचतात. सर्वांत जोखमीच्या प्रकारातही साधारण निम्मी मुले पाच वर्षांपुढे जगतात. अलेक्स जन्मली तेव्हा हे प्रमाण याहून बरेच कमी होते. मधल्या वर्षांत जो फरक पडला, त्यात डॉक्टरांचे काम आहे, चाचण्यांत सहभागी झालेली मुले आहेत आणि सरबताच्या पेल्यामागे नाणे टाकणारे शेजारीही आहेत.

पुढच्या रविवारी विहारात रुमाल फिरेल, तेव्हा त्यात टाकाच. आणि वंदना झाल्यावर पाच मिनिटे थांबून आपल्या मंडळात दोन गोष्टी ठरवा: हिशेबाचा फलक कुठे लावायचा, आणि योजनेची माहिती सांगणारा आपल्यातला एक माणूस कोण. एवढे झाले तरी या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.

जय भीम.